घरटॅक्स वाढवून गावाची स्वतःची रुग्णवाहिका चालवता येईल का?

प्रश्न विचारलाय यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाच्या उपसरपंचांनी. थोडक्यात असा: गावाची वस्ती 2,300, घरं 520. प्राथमिक आरोग्य केंद्र 11 किलोमीटरवर, ग्रामीण रुग्णालय 28 किलोमीटरवर. मागच्या पावसाळ्यात सोयाबीनच्या वावरात एकाला घोणस चावला. 108 ला फोन लावला तर तालुक्याची गाडी दुसरा पेशंट घेऊन यवतमाळला गेलेली. शेवटी दोघांनी मोटारसायकलवर मधे बसवून नेलं, पण उशीर झाला. आता ग्रामसभेत सूचना आलीय की दर घरामागे 500 रुपये टॅक्स वाढवू आणि गावाची स्वतःची रुग्णवाहिका ठेवू. गावातल्या एकाचा भाऊ अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात राहतो. त्याच्या घरपट्टीच्या बिलात आपत्कालीन वैद्यकीय सेवेची वेगळी ओळच असते म्हणे. उपसरपंचांना दोन गोष्टी हव्यात: हे कायद्यात बसतं का, आणि ठराव कसा लिहायचा.

भाऊ, मी पंचायत विस्तार अधिकारी म्हणून नोकरी केली, विदर्भातच. ग्रामपंचायतींची दप्तरं तपासणं, करवसुली, अंदाजपत्रक हेच काम. त्यामुळे पैशाच्या बाजूनं सांगतो. डॉक्टरकीतलं जिथे लागेल तेवढंच.

आधी सरळ उत्तर. घरकर वाढवता येतो, पण ठरलेल्या मर्यादेत. 'रुग्णवाहिका कर' असा नवा कर फक्त ग्रामसभेच्या ठरावावर लावता येत नाही. आणि कायद्यात कसंही बसवलं तरी 520 घरांच्या टॅक्सवर चोवीस तासांची रुग्णवाहिका चालत नाही. मात्र त्याच टॅक्समधून फोन लागल्यापासून पहिल्या अर्ध्या तासाची सोय करता येते, आणि तुमचा माणूस त्याच अर्ध्या तासात हातचा गेला असं मला तुमच्या मजकुरावरून वाटतं.

कायदा बघू. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958, कलम 124. ग्रामपंचायतीनं कोणते कर आणि फी घ्यायची हे तिथे नावानिशी लिहिलंय: इमारती आणि जमिनींवरचा कर, सफाईचा, दिवाबत्तीचा, पाण्याचा, जत्रेचा, बाजाराची फी वगैरे. दर ग्रामपंचायत ठरवते, पण किमान आणि कमाल शासनानं बांधून दिलेत. तुमच्या मागणी बिलात जो 'आरोग्य कर' छापलेला दिसतो तो नाल्या-संडास-कचऱ्याचा आहे. त्याच्यावर रुग्णवाहिकेचं डिझेल टाकलं तर लेखापरीक्षणात आक्षेप निघेल, आणि तो वर्षानुवर्षं सचिवाच्या मानेवर बसेल. मी असे आक्षेप लिहिलेत आणि असे आक्षेप निकाली काढायला धावपळ करणारे ग्रामसेवकही बघितलेत.

डिसेंबर 2015 च्या सुधारित नियमांपासून घरकर भांडवली मूल्यावर निघतो. म्हणजे जमिनीचा आणि बांधकामाचा रेडी रेकनरचा (शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातला) दर, त्यातून घसारा वजा, वापराचा भारांक, आणि त्या मूल्याच्या दर हजार रुपयांमागे अमुक पैसे. दर चार वर्षांनी फेरआकारणी. यादी प्रसिद्ध करायची, हरकती घ्यायच्या, मग अंतिम करायची. कोणाला मान्य नसेल तर पंचायत समितीकडे अपील. त्यामुळे 'दर घरामागे सरसकट 500' हे कर म्हणून बसत नाही. मातीचं घर आणि स्लॅबचं घर यांना सारखाच आकडा लावला की पहिलं अपील तुमच्याच ग्रामपंचायतीतल्या विरोधी गटाचं येईल, आणि ते टिकेल.

त्याहून मोठी अडचण दुसरी आहे आणि तिच्याबद्दल गावात कोणी बोलत नाही. आपल्याकडे गावातली खरी मालमत्ता म्हणजे वावर. शेतसारा लागणाऱ्या जमिनीवर ग्रामपंचायतीला हा कर लावता येत नाही. शेतसाऱ्यावरच्या उपकरातून काही येतं, पण मूळ शेतसाराच इतका किरकोळ आहे की त्याच्यावरचा उपकर हिशेबात धरू नका. परिणाम असा होतो की 40 एकर ओलिताचा मालक जुन्या मातीच्या वाड्यात राहत असेल तर त्याचा टॅक्स कमी, आणि कर्ज काढून दोन खोल्यांचा स्लॅब टाकणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा टॅक्स जास्त. घरटॅक्सवर मोठा भार टाकायचा म्हटलं की तो शेवटी स्लॅबवाल्यांवर जातो. ते हरकत घेतात तेव्हा मला त्यांचा राग येत नाही.

आता अमेरिकेचं. तुमच्या गावकऱ्याच्या भावानं सांगितलं ते खरं आहे. वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यात आपत्कालीन वैद्यकीय सेवेसाठी मालमत्तेच्या दर 1,000 डॉलर मूल्यामागे कमाल 50 सेंटपर्यंत कर लावायची मुभा आहे. तो मतदानाला टाकावा लागतो, आणि 6 वर्षं, 10 वर्षं की कायमचा हेही मतदारांसमोर ठेवावं लागतं. समजा 4 लाख डॉलरचं घर आणि दर 25 सेंट, तर वर्षाला 100 डॉलर. आपल्याकडे 4 लाख रुपये मूल्याच्या घराला हजारामागे 1 रुपया धरला तर 400 रुपये. म्हणजे दराच्या मानानं आपला माणूस कमी देत नाही. फरक मूल्यात आहे, आणि किती घरं एकत्र येतात त्यात आहे. तिथे हा कर बहुधा अख्ख्या काउंटीवर किंवा मोठ्या पट्ट्यावर पसरलेला असतो. तिथून घ्यायचं तर तीन गोष्टी घ्या: हिशेब वेगळा, मुदत ठरलेली, आणि पट्टा मोठा. दराची नक्कल करू नका.

आता तुमच्या गावाचे आकडे मांडतो. हे माझे अंदाज आहेत, तुमच्या नमुना 9 वरून (कर मागणीच्या नोंदवहीवरून) तुम्ही नीट भरा.

समजा सरासरी घरटॅक्स 600 रुपये. 520 घरांची मागणी 3,12,000. वसुली 65 टक्के धरली तर हातात 2,02,800. यातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याण, 5 टक्के दिव्यांग, असे 30 टक्के राखून ठेवावेच लागतात. म्हणजे सुमारे 61,000 गेले. कर्मचाऱ्यांवर उत्पन्नाच्या 35 टक्क्यांपर्यंत खर्च, ते 71,000. उरले 71,000 च्या आसपास. त्यात पाणीपुरवठ्याची मोटर, ब्लीचिंग पावडर, पथदिव्यांचं बिल, स्टेशनरी. बिल थकलं की महावितरण लाइन कापते ते तुम्हाला सांगायला नको.

आता रुग्णवाहिका. चोवीस तास म्हणजे एक ड्रायव्हर पुरत नाही. तीन पाळ्या आणि एक बदली, असे चार जण, महिना 12,000 नं वर्षाला 5,76,000. सोबत निदान प्रथमोपचार शिकलेला माणूस हवाच, नाहीतर ती नुसती काळीपिवळी झाली. असे तिघे, 14,000 नं 5,04,000. महिन्याला 25 फेऱ्या, एका फेरीला 60 किलोमीटर, लिटरला 10 किलोमीटर, डिझेल 92 रुपये: वर्षाला 1,65,600. विमा, फिटनेस, टायर, दुरुस्ती, ऑक्सिजन मिळून सव्वा लाख. बेरीज 13,70,600. भागिले 520 म्हणजे दर घराला 2,636 रुपये. ग्रामसभेत सुचलेल्या 500 च्या पाचपटीहून जास्त, आणि तेही सगळ्यांनी भरले तर.

यावर लगेच कोणीतरी म्हणेल, आमदार साहेब गाडी द्यायला तयार आहेत. देतील. गाडी मिळणं हा या सगळ्यातला सर्वात सोपा भाग आहे. आमदार निधी, खासदार निधी, जिल्हा नियोजन समिती, कंपन्यांचा सामाजिक निधी, कुठूनही गाडी येते, फुलांची माळ घालून फोटो होतो. पण बैल फुकट मिळाला म्हणून कुटार फुकट मिळत नाही. मी काम केलेल्या एका तालुक्यात दान मिळालेली चांगली रुग्णवाहिका आरोग्य केंद्रामागे उभी राहून सडली. देणगीदाराच्या नावाची पाटी चकचकीत, टायर जमिनीला टेकलेले. काही मोठं बिघडलेलं नव्हतं. विमा संपला होता, आणि डिझेलच्या पावतीवर सही कोणी करायची हे कधीच ठरलं नव्हतं. ग्रामपंचायत म्हणे आरोग्य केंद्राचं काम, आरोग्य केंद्र म्हणे गाडी आमच्या नावावर नाही. म्हणून माझा आग्रह असा की तीन वर्षांच्या चालू खर्चाची सोय कागदावर दिसल्याशिवाय कोणाकडूनही गाडी स्वीकारू नका, फुकट असली तरी.

वित्त आयोगाच्या पैशाचं काय, असंही विचाराल. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 60 टक्के बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेसाठी. उरलेला 40 टक्के अबंधित, पण त्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च करायची परवानगी नव्हती. आणि वर मांडलेला रुग्णवाहिकेचा तीनचतुर्थांशाहून जास्त खर्च पगारच आहे. म्हणजे तिथेही गाडी घेण्यापुरताच दरवाजा, चालवण्यासाठी नाही. पुढच्या आयोगाच्या निधीचं नियोजन करताना मार्गदर्शक सूचनांमध्ये पहिल्यांदा हाच मुद्दा शोधा.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असतो तर आधी एक वही घातली असती. साधी दोनशे पानी. आशाताई किंवा पोलीस पाटलाकडे ठेवा. प्रत्येक तातडीच्या पेशंटच्या चार वेळा लिहायच्या: त्रास कधी सुरू झाला, फोन कधी केला, गाडी कधी निघाली, दवाखान्यात कधी पोचलो. आणि एक रकाना, वेळ कुठे गेला. आपल्याकडे तीन जागी वेळ जातो. एक, घरातच, मांत्रिकाकडे नेणं, दोरी बांधणं, नातेवाइकांची वाट बघणं. दोन, पांदणीवर, म्हणजे वावरात जाणाऱ्या कच्च्या वाटेवर; काळ्या मातीत पावसाळ्यात गाडी पोडापर्यंत (आदिवासी वस्तीपर्यंत) किंवा वावरापर्यंत जातच नाही, माणूस बाजेवर उचलून डांबरीपर्यंत आणावा लागतो. तीन, 108 ची वाट बघण्यात. तिन्हींचे उपाय वेगळे आणि खर्चही वेगळा. निम्मा वेळ पांदणीवर जात असेल तर वर्षाला 14 लाख खाणारी रुग्णवाहिकासुद्धा डांबरीवरच उभी राहणार. त्यापेक्षा पांदण रस्त्याचा प्रस्ताव शासनाच्या शेत-पाणंद रस्ते योजनेत लावा, त्याला घरटॅक्सचा पैसा लागत नाही.

108 ची मर्यादाही समजून घ्या. 2014 च्या जानेवारीत ती सुरू झाली तेव्हा अख्ख्या राज्यासाठी 937 गाड्या होत्या, त्यातल्या 233 प्रगत जीवरक्षक आणि 704 मूलभूत. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ भागून बघा, एका गाडीमागे सव्वातीनशे चौरस किलोमीटर येतात. वाटणी अर्थातच अशी समसमान नसते, पण ग्रामीण तालुक्यातली गाडी एकदा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पेशंट घेऊन गेली की परत येईपर्यंत तालुका उघडा. तुमच्या बाबतीत नेमकं तेच झालं. यात ड्रायव्हरचा दोष नाही, डॉक्टरचा नाही. आणि म्हणूनच गावाच्या पैशानं दुसरी 108 उभी करण्यापेक्षा, 108 रिकामी नसेल त्या वेळेची सोय करणं शहाणपणाचं.

त्या सोयीचं एक गणित सांगतो. विदर्भातली तातडी सगळं वर्ष सारखी नसते. बाळंतिणींसाठी 102 ची गाडी आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत वाहतूक वर्षभर असतेच. साप, वीज, फवारणीची विषबाधा, पुरानं तुटलेला रस्ता, हे जून ते ऑक्टोबर. 2017 मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीनं माणसं गेली ती याच दिवसांत. म्हणून मी त्यातल्या जास्त जोखमीच्या चार महिन्यांपुरता विचार करतो. गावात किंवा शेजारच्या गावात पिवळ्या पाटीच्या, म्हणजे भाड्यानं चालवायचा परवाना असलेल्या, दोन-तीन गाड्या असतातच. त्यांच्याकडून दरपत्रकं घ्या आणि जुलै ते ऑक्टोबर रात्रपाळीनं एक गाडी राखून ठेवा. राखणीचे रात्रीला 200 रुपये, 120 रात्रींचे 24,000. फेरी झाली तर फेरीचे सरासरी 1,000. हंगामात 15 फेऱ्या धरल्या तर 15,000. एकूण 39,000. 520 घरांना भागलं की घरामागे 75 रुपये. हा आकडा ग्रामसभेत उभा राहून सांगता येतो.

गाडी पिवळ्या पाटीचीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी बोलेरो भाड्यानं वापरली आणि वाटेत अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, आणि मग पेशंट, ड्रायव्हर, सरपंच सगळेच कोर्टात. तिला 'रुग्णवाहिका' म्हणूही नका, निळा दिवा लावू नका. रुग्णवाहिकेला वेगळी नोंदणी आणि बांधणीची मानकं आहेत. ही गाडी फक्त पेशंटला आरोग्य केंद्रापर्यंत किंवा वाटेत भेटणाऱ्या 108 पर्यंत आणणार. निघतानाच 108 ला सांगायचं की आम्ही अमुक रस्त्यानं येतोय, मधे भेटा. आणि आरोग्य केंद्राला फोन करून विचारायचं की सर्पदंशाची लस आहे ना, डॉक्टर आहेत ना. हा फोन फुकट असतो आणि कधीकधी पूर्ण 11 किलोमीटर वाचवतो, कारण मग सरळ ग्रामीण रुग्णालयाकडे निघता येतं.

ड्रायव्हर, आशाताई आणि पोलीस पाटील यांना आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडून अर्धा दिवस शिकवून घ्या. दंश झालेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, फळीला बांधायचा. करकचून दोरी बांधायची नाही. चिरा द्यायचा नाही. फवारणीची बाधा असेल तर कपडे काढून साबणानं अंग धुवायचं आणि औषधाची बाटली सोबत न्यायची. स्ट्रेचर, बॅटरी, फळ्या यासाठी गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला राष्ट्रीय आरोग्य अभियानातून वर्षाला 10,000 पर्यंत अबंधित निधी मिळतो. बऱ्याच गावांत तो सतरंज्या आणि खुर्च्यांवर जातो. विचारा.

आता हे 75 रुपये कर म्हणून घ्यायचे की वर्गणी म्हणून? इथे माझं मत बऱ्याच सहकाऱ्यांना पटत नाही, तरी सांगतो. पहिली दोन वर्षं वर्गणी घ्या. करात घातलं की तो पैसा ग्रामनिधीत विरघळतो, त्यातून 30 टक्के राखीव निघतात, आणि वीजबिलाच्या दट्ट्याखाली उरलेलाही जातो. वर्गणी ग्रामपंचायतीच्या नमुना 7 च्या सामान्य पावतीवर घ्या, वेगळ्या बँक खात्यात ठेवा, दर ग्रामसभेत जमा-खर्च वाचा आणि फलकावर लावा. पावतीशिवाय एक रुपयाही नको, देणारा सरपंचाचा सख्खा भाऊ असला तरी. लोकांना दोन हंगाम गाडी वेळेवर येताना दिसली की मग फेरआकारणीच्या वेळी घरकराचा दर मर्यादेत थोडा वाढवून अंदाजपत्रकात आरोग्याच्या शीर्षाखाली ठराविक रक्कम धरायचा प्रस्ताव मांडता येतो. आधी कर आणि नंतर सेवा असा क्रम लावला की वसुली पडते, हे मी जिथे जिथे बघितलं तिथे तसंच झालं.

वेळही बघा. टॅक्सची मागणी मार्चअखेरीस तोंडाशी येते, तेव्हा सोयाबीनचा पैसा कधीच संपलेला असतो आणि कापसाचा दुकानदाराकडे गेलेला. वर्गणी दिवाळीच्या पुढेमागे घ्या, सोयाबीन विकलं गेल्यावर. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेनं 1980 च्या दशकात आसपासच्या गावांसाठी आरोग्य विम्याची योजना उभी केली ती सुगीवर ज्वारी गोळा करून. ज्याच्याकडे जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त. घरटॅक्सला जे जमत नाही, म्हणजे वावराच्या मालकीप्रमाणे भार टाकणं, ते त्यांनी वर्गणीनं साधलं. तुमच्याकडेही भूमिहीनांना 25, पाच एकरांपर्यंत 75, त्यावर 200 असं काही ठरवता येईल. वर्गणीला हे स्वातंत्र्य आहे, कराला नाही.

ज्यानं वर्गणी दिली नाही त्याला गाडी द्यायची का? द्यायची. रात्री दोन वाजता पावती तपासायची नाही. एकदा जरी 'तुमचं नाव यादीत नाही' म्हणून गाडी थांबली आणि माणूस दगावला, तर योजना त्याच रात्री संपली समजा, आणि गाव दोन तुकड्यांत फुटेल ते वेगळं. थकबाकीदारांची यादी काढली तर त्यात गरीब कमीच सापडतात. दुकानांचे गाळे, गोदामं, पुढाऱ्यांची नवी घरं सापडतात. त्यांच्यासाठी कलम 129 आहे: बिल, मग मागणी लेख, मग जप्ती. ती कारवाई ग्रामपंचायत वापरत नाही कारण निवडणूक येते. लोकअदालतीत प्रकरणं टाकणं जरा सौम्य पडतं, तिथून सुरुवात करा.

पूर्ण रुग्णवाहिकाच हवी असेल तर एका गावाचा विचार सोडून आरोग्य केंद्राच्या क्षेत्राचा करा. एक प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण 30,000 लोकसंख्येला असतं, आदिवासी भागात 20,000 ला. 30,000 म्हणजे 7,000 च्या आसपास घरं. मघाचे 13,70,600 भागिले 7,000, घरामागे 196 रुपये. 70 टक्केच वसुली धरली तरी 280. आता आकडा माणसात आला. दोन किंवा अधिक ग्रामपंचायतींनी मिळून संयुक्त समिती नेमायची तरतूद अधिनियमात आहे. गाडी आरोग्य केंद्रात उभी राहील, रुग्ण कल्याण समितीला हिशेबात घेता येईल, आणि 'डिझेलवर सही कोणाची' याचं उत्तर पहिल्या बैठकीत लेखी ठरवायचं. अडचण पैशाची कमी, सरपंचांची जास्त असते. वीस-पंचवीस गावं, प्रत्येकाला वाटतं गाडी आपल्या गावात उभी राहावी. आरोग्य केंद्राच्या आवाराबाहेर ती उभी राहणार नाही, एवढी एकच अट घालून बैठक सुरू करा. ती मान्य नसलेले आपोआप उठून जातात.

तुमच्या गावाला लागू पडेल की नाही हे काही गोष्टींवर अवलंबून आहे, त्या मला माहीत नाहीत. गावात जिनिंग-प्रेसिंग किंवा कारखाना असेल तर कलम 125 खाली कारखान्याकडून करांऐवजी ठोक रक्कम घेण्याचा करार करता येतो. मोबाइल टॉवर असतील तर त्यांची आकारणी झाली का बघा. टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2016 मध्ये स्पष्ट केलंय. वणी किंवा राजुऱ्याच्या बाजूला कोळशाच्या खाणी असल्यानं तिथे जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा (खाणवाल्यांकडून जमा होणाऱ्या निधीचा) पैसा आहे आणि आरोग्य हा त्याचा अग्रक्रमाचा विषय. पेसा गाव (आदिवासी भागासाठीच्या वेगळ्या पंचायत कायद्याखालचं) असेल तर आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के थेट निधी ग्रामपंचायतीला येतो, त्यात आरोग्यावर खर्च करता येतो. गडचिरोलीत तेंदू-बांबूचं उत्पन्न असलेल्या ग्रामसभा तर घरटॅक्सची वाटच बघत नाहीत. उलट तिथे भामरागडसारख्या ठिकाणी पर्लकोटेला पूर आला की कोणाचीच गाडी पलीकडे जात नाही, तिथे पैशानं सुटणारा प्रश्नच नाही. पावसाळ्याआधी जोखमीच्या बाळंतिणींना अलीकडे आणून ठेवणं हाच मार्ग.

एक गोष्ट मात्र सोडू नका. आपण वर्गणी काढली म्हणून शासनाची जबाबदारी संपत नाही. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी परत पाठवलं होतं. त्या खटल्यात 1996 साली सर्वोच्च न्यायालयानं तातडीचे उपचार हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि पैसे नाहीत हे कारण राज्याला चालणार नाही असं सांगितलं. म्हणून ज्या ग्रामसभेत वर्गणीचा ठराव घ्याल त्याच ग्रामसभेत दुसरा ठराव घ्या: पावसाळ्यात 108 ची उभी राहण्याची जागा आपल्या रस्त्याच्या जवळ आणावी. सोबत त्या वहीची प्रत जोडून जिल्हा शल्य चिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांना द्या. नुसतं 'गाडी वेळेवर येत नाही' लिहिलेला अर्ज फायलीत जातो. तारीख, फोनची वेळ, पोचण्याची वेळ असलेला कागद आढावा बैठकीत वाचला जातो, कारण त्याला उत्तर द्यावं लागतं.

ठरावाचे मुद्दे मागितलेत ते असे: सेवा कोणत्या महिन्यांत, गाडी कोणाची आणि दरपत्रकांचा संदर्भ, राखणीचा व फेरीचा दर, वर्गणीचे टप्पे, ऐच्छिक आहे असा स्पष्ट उल्लेख, खात्याचा क्रमांक आणि दोघांच्या सह्या, फोन घेणाऱ्या दोघांची नावं, मुदत एक हंगाम, आणि पुढच्या ग्रामसभेत हिशेब ठेवल्याशिवाय मुदतवाढ नाही. 'कर' हा शब्द कुठेही येऊ देऊ नका.

मसुदा पूर्ण करून हवा असेल तर तीन गोष्टी लिहून पाठवा: गावात टॉवर आणि कारखाना किती, गाव पेसात आहे का, आणि मागच्या वर्षीची नमुना 9 ची मागणी व वसुली. आणि जमलं तर त्या दिवशी घोणस चावल्यापासून मोटारसायकल निघेपर्यंत किती वेळ गेला तेही विचारून ठेवा. घरचे लोक सांगतील, पण जरा सांभाळून विचारा.